गाठ नसलेला भ

आमच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला त्या दिवशी बाबांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं. त्यामुळे कॉम्प्युटर आल्या पावली कोल्हापूरला दुरुस्तीसाठी परत गेला आणि तो येईपर्यंत बघायला आलेल्या लोकांना आम्ही नुसतं टेबल दाखवत होतो.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी नुकतीच जाहिरातकलेचा कोर्स संपवून रत्नागिरीला घरी आले होते. बाबांचा छापखाना जुना, पायाने चालवायच्या मशीनचा. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं असलं काम. शिशाच्या खिळ्यांनी एकेक अक्षर जुळवून जुळवून बाबांच्या बोटांची टोकं कायमची काळी झालेली. त्यांना वाटत होतं, मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करीन. मला वाटत होतं, मी भविष्यकाळ करीन.

त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी दोन हजार साल होतं. कोणी म्हणे सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडणार, कोणी म्हणे विमानं पडणार. मी इंग्रजी मासिकांत बघत होते तर तिकडची अक्षरंसुद्धा तयारीला लागलेली. काटकोनी, टोकदार, पत्र्यातून कापून काढल्यासारखी. ती अवकाशयानावर लिहिलेली शोभली असती. मराठीत तसं काहीच नव्हतं. इंग्रजीला अंतराळात जायची सोय होती आणि आमची अक्षरं अजून सनईचौघड्यातच बसलेली. मी ठरवलं, मराठीचा असा फाँट आपण करायचा.

नियम एकच ठेवला : गोलाई नको. कुठेही वळण आलं की ते मोडून कोन करायचा. पण देवनागरीत गोलाई नसलेलं अक्षर शोधणं म्हणजे मासळीबाजारात शांत कोपरा शोधण्यासारखं आहे. व चा त्रिकोण झाला. ठ चा नटबोल्टातला नट झाला. श घडी घातलेल्या खुर्चीसारखा दिसायला लागला. ळ ने माझा जीव खाल्ला. शेवटी तो चोरबाजारातला गॉगल वाटावा असा उतरला आणि मी त्याला तसंच सोडून दिलं. डोक्यावरची शिरोरेघ तर मी पहिल्या दिवशीच काढून टाकली. मध्येच वीज जायची आणि अर्धा दिवस खपून केलेली बाराखडी नाहीशी व्हायची. मग मी पुन्हा क पासून सुरुवात करायची.

एके दिवशी बाबा मागे येऊन उभे राहिले.

"हे काय गो?"

"क."

"आणि हे?"

"तोही कच. आधीचा बिघडलेला, हा सुधारलेला."

बाबांनी चष्मा वर केला, खाली केला. "डोक्यावरची रेघ कुठे गेली?"

"काढली."

"म्हणजे छप्पर काढलंस. आपल्याकडे एवढा पाऊस, नि तू अक्षरं उघड्यावर ठेवणार?"

"बाबा, पुढच्या शतकात शिरोरेघ नसणार."

"पण पाऊस असेल ना?"

मी फाँटचं नाव 'कोन' ठेवलं होतं. बाबा त्याला 'कोयता' म्हणायला लागले, आणि घरात तेच नाव रुळलं. "कोयता जेवायला येतोय की नाही?" अशी हाक यायची.

खरा त्रास दिला तो भ आणि म, ध आणि घ या जोड्यांनी. एरवी भ च्या डोक्याशी एक गोल गाठ असते, शिरोरेघही तिथे तुटलेली असते, म्हणून तो म पासून वेगळा कळतो. ध चंही तसंच. माझ्याकडे शिरोरेघ नव्हती आणि गोल गाठ नियमात बसत नव्हती. मी गाठीच्या जागी एक बारीक तिरकी खाच ठेवली. कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बघितलं की ती फार सुंदर दिसायची. बाबांनी मात्र छापलेला कागद हातभर लांब धरला आणि 'भाऊबीज' हा शब्द मोठ्याने 'माऊबीज' असा वाचला.

"संदर्भाने कळतं," मी म्हटलं.

"होय तर. मांजराला ओवाळायला बसलं की कळेलच."

मी तो शेरा मनावर घेतला नाही. कलाशिक्षण झालेल्या माणसाला लोक हसणारच, असं आम्हाला कोर्समध्ये पहिल्याच वर्षी बजावलं होतं.

माझ्या फाँटचं पहिलं मनापासून कौतुक केलं ते एसटी स्टँडजवळच्या रेडियमवाल्याने. रिक्षांच्या मागे चमकणाऱ्या चिकट कागदाची अक्षरं कापून लावायचा त्याचा धंदा. तो पत्रिका छापायला म्हणून आला होता. भिंतीवर माझी बाराखडी लावलेली बघून तो तिच्यासमोर देवळात उभं राहावं तसा उभा राहिला.

"ताई, ह्यात गोल काय नाही?"

"नाही."

"एकपण नाही?"

"एकपण नाही."

त्याने भिंतीवरच्या ळ वरून बोट फिरवलं. "ताई, ब्लेडने गोल कापताना कागद चुरगळतो हो. एक ळ कापायचा तर मनगट भरून येतं. हे तर पट्टी ठेवायची नि सर्रकन ओढायचं!"

मला त्याने माझ्या अक्षरांतली गती, भविष्य, वेग वगैरे ओळखलं असतं तर जास्त आवडलं असतं. पण पहिलं गिऱ्हाईक होतं. मी त्याला सगळी बाराखडी मोठी करून छापून दिली.

पुढच्या काही महिन्यांत कोयता गावभर फिरायला लागला. स्टँडवरच्या रिक्षांच्या पाठी बघता बघता टोकदार झाल्या. एका रिक्षेवर 'मामा भाचे' होतं, ते सगळे 'मामा माचे' असं वाचत आणि मालकाला 'माचे' म्हणून हाक मारत. एका क्रिकेट टीमने टी-शर्टांवर नाव घातलं. आपली टीम कुठली हे समोरच्यांना शेवटपर्यंत वाचता आलं नाही आणि ते बिचकले, असं कॅप्टन मला अभिमानाने सांगून गेला. एका नव्या कॉम्प्युटर क्लासने तर आख्खी पाटी कोयत्यात लिहून घेतली. तिथे एकानेही तक्रार केली नाही. वाचता येत नाही म्हणजे ही कॉम्प्युटरचीच भाषा असणार, अशी पालकांची समजूत झाली.

तक्रार पहिली आली ती किराणा दुकानदाराची. त्याने हौसेने 'धान्य भांडार' अशी पाटी करून घेतली होती. तो छापखान्यात आला तो घामाघूम होऊन.

"लोक 'घान्य मांडार' वाचतायत. काल एक म्हातारी आत येऊन विचारते, घान कुठली मांडलीय, दाखव!"

"पण लक्षात राहतं ना नाव?" मी विचारलं.

"राहतं ना! तेच तर रडं आहे!"

बाबा खिळ्यांच्या खणात डोकं घालून हसत होते; त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते. दुकानदाराने पाटी उतरवली, उलटी केली आणि मागच्या बाजूला साध्या अक्षरांत लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, किराणा हा मुळातच मागच्या शतकातला विषय आहे.

आणि मग चाचा आले.

चाचा बंदराजवळच्या मिरकरवाड्यातले. कुवेतमध्ये कित्येक वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करून ते कायमचे घरी आले होते आणि स्वतःचा ट्रॉलर बांधून घेत होते. त्यांच्या सगळ्या मुलींच्या लग्नपत्रिका बाबांनीच छापलेल्या, त्यामुळे येणंजाणं होतं. त्यांच्या पुतण्याच्या अंगावर तो क्रिकेटचा टी-शर्ट त्यांनी बघितला होता.

"पोरी," ते खुर्ची ओढून बसत म्हणाले, "विमानतळावर अक्षरं असतात ना, लांबून बघितली तरी वाटतं की आता आपण कुठेतरी जाणार? तशी मला माझ्या बोटीवर पाहिजेत. तू करतेस म्हणे."

मला कोणीतरी पहिल्यांदाच समजून घेत होतं. "नाव काय ठेवताय, चाचा?"

"भरारी. सगळी कमाई विमानात बसून केली. बोट पाण्यातली असली तरी नाव हवेतलं पाहिजे."

बाबांनी खणातून मान वर काढली. "चाचा, साधी अक्षरं घ्या हो. बोटीचा मामला आहे."

"साधी तर सगळ्यांच्याच बोटींवर आहेत," चाचा म्हणाले. विषय संपला.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. पाऊस जरा उघडला की मी मिरकरवाड्याला जायची. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना, नाव लिहायचं होतं. निळ्या फळ्यांवर मी चिकटपट्ट्या लावल्या आणि पिवळ्या ऑइलपेंटने माणसाच्या उंचीची अक्षरं भरली. पट्ट्या सोडवल्यावर लांब जाऊन बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती अक्षरं समुद्राकडे तोंड करून आता सुटणार की मग, अशी उभी होती. भ ची खाचही स्पष्ट दिसत होती, निदान मला.

त्यानंतर मी सर्दीतापाने घरी पडले. त्या अवधीत चाचांना पिवळा रंग पातळ वाटला. त्यांनी एका माणसाकडून सगळ्या अक्षरांवर अजून एक जाड हात मारून घेतला, चकाकी यावी म्हणून. चकाकी आली. भ ची खाच बुजून गेली.

नारळी पौर्णिमा उलटल्यावर बोट पाण्यात लोटायचा दिवस ठरला. बाबांना आणि मला खास बोलावणं होतं. बोटीला पताका लावल्या होत्या, चाचींनी पहाटेपासून उठून बिर्याणीचं पातेलं चढवलं होतं, सगळा मोहल्ला जमला होता. दुआ झाली. भरती चढायला लागली होती. एवढ्यात बोटीचा तांडेल आला. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. समुद्रात तो म्हणेल तसं, मालकसुद्धा त्याच्यापुढे बोलत नाही. हा हर्णेहून खास आणलेला, मोठ्या नावाचा माणूस होता आणि बोट तो पहिल्यांदाच बघत होता.

त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. नाळेसमोर उभा राहिला. आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचलं.

"म. रा. री."

जमलेल्यांनी माना वळवून नाळेकडे बघितलं.

"मरारी?" तांडेल म्हणाला. "मर?"

"भ! भ आहे तो!" चाचा पुढे धावले. "भरारी! भाकरीतला भ!"

"माकरीतला म आहे," तांडेल शांतपणे म्हणाला. "मर म्हणून लिहिलेल्या बोटीवर मी पाय ठेवायचा? नि पोरांना घेऊन जायचं?"

मागे उभ्या खलाशांनीही आपापल्या पिशव्या खाली ठेवल्या. जमलेल्या लोकांत लगेच दोन तट पडले. काही जण भ म्हणत होते, बरेच जण म म्हणत होते, आणि एका गृहस्थांना तो झ वाटत होता. चाचांनी शेवटचा उपाय म्हणून चाचींना हाक मारली.

"तू वाच. न घाबरता वाच. काय आहे?"

चाचींनी ओढणी सावरली, डोळे बारीक केले आणि वाचलं, "मरारी." मग त्या म्हणाल्या, "मी तर परवाच बघितलं. मला वाटलं कुवेतकडचा शब्द असेल."

चाचा माझ्याकडे वळले. सगळं गाव माझ्याकडे वळलं. मी संदर्भाने कळतं हे वाक्य तोंडापर्यंत आणलं आणि गिळून टाकलं.

"रंग आहे का?" मी विचारलं.

रंगाचा डबा आला, शिडी आली. पाणी बोटीच्या बुडाला लागायला लागलं होतं. भरती उतरली तर बोट पुढच्या मुहूर्तापर्यंत तिथेच राहिली असती. मी शिडीवर चढले. बाबा खाली डबा धरून उभे होते. त्या घाईतसुद्धा मला माझा नियम मोडवेना. मी भ च्या डोक्याशी एक नेटका चौकोन काढला आणि खाली बघितलं.

तांडेलाने मान वाकडी करून पाहिलं. "म च्या डोक्यावर काडेपेटी कशाला ठेवलीस?"

"ती गाठ आहे. चौकोनी गाठ."

"गाठ कधी चौकोनी असते? मी आयुष्यभर गाठी मारतोय."

बाबा खालून हळूच म्हणाले, "गोल काढ गो. बघत नाहीये कोणी." सगळा मोहल्ला बघत होता.

मी चौकोन पुसला, पण हाताला आता कोनांचीच सवय होती. गोल काही केल्या गोल येईना. एकदा बटाटा झाला, एकदा आंब्याची कोय. तेवढ्यात चाची हात पुसत पातेल्याकडून आल्या, त्यांनी हातातली बांगडी काढली आणि शिडीवर माझ्याकडे दिली. "ही ठेव नि हिच्याभोवती फिरव. किती वेळ लावशील? भात खाली लागतोय माझा."

मी बांगडी फळीवर धरली, तिच्याभोवती ब्रश फिरवला, आतला गोल भरला आणि तो भ ला जोडून टाकला. वर एक शिरोरेघही मारली, भ च्या डोक्याशी तोडून. एवढ्या टोकदार अक्षरांत तो एक गोल गरगरीत ठिपका असा दिसत होता की जणू लष्कराच्या संचलनात कोणाची तरी आत्याबाई शिरली आहे.

तांडेल पुन्हा समोर उभा राहिला. "भ. रा. री." त्याने मान हलवली. "हां. आता बोल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शिडी घेऊन दुसऱ्या बाजूला जायला निघाले तर तिकडे उताराची बाजू, पाणी कमरेच्या वर आलं होतं. शिडी उभीच राहीना. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी तांडेलाकडे बघितलं. तांडेलाने समुद्राकडे बघितलं. थोडा विचार करून त्याने खलाशांना सांगितलं, "सगळ्यांनी ह्या बाजूने चढायचं. त्या बाजूला कोणी बघायचं नाही."

आणि तसेच ते चढले, एकेक जण, मान कडक ठेवून. बोट पाण्यात गेली. आम्ही किनाऱ्यावरून हात हलवले. बोट वळली तशी आम्हाला तिची दुसरी बाजू दिसली, उन्हात झगझगीत पिवळी : मरारी. बाबा म्हणाले, "चल, जेवून घेऊ."

बोट परत आली ती भरून. पापलेट, कोळंबी, सुरमई. चाचांनी आमच्या घरी पाठवलेली टोपली आम्ही तीन घरांत वाटली. दुसऱ्या दिवशी मी रंगाचा डबा घेऊन बंदरावर गेले, राहिलेली बाजू दुरुस्त करायला. तांडेल जाळं विणत बसला होता. त्याने मला बघितलं आणि ताडकन उभा राहिला.

"हात लावायचा नाही!"

"अहो, पण तिकडे अजून मरारीच आहे."

"असू दे. असंच असताना मासा लागला. आता त्यात काय बदलायचं नाही."

मी चाचांना सांगून बघितलं. चाचांनी दोन्ही हात वर केले. "पोरी, मी फक्त मालक आहे."

त्यामुळे ती बोट कायमची तशीच राहिली. एका बाजूने भरारी, दुसऱ्या बाजूने मरारी. धक्क्याला ती कुठल्या बाजूने लागेल त्यावर त्या दिवशीचं तिचं नाव ठरायचं, आणि मासळीच्या लिलावाला आलेल्या बायका दोन्ही नावांनी तिची चौकशी करायच्या. चाचांना पहिल्यांदा फार वाईट वाटलं. मग दुसऱ्या एका मालकाने येऊन माझ्याकडे चौकशी केली की एका बाजूला चुकीचं नाव लिहून द्यायचं काय घेता; तेव्हापासून चाचा ताठ चालायला लागले.

मी घरी येऊन फाँटमधल्या भ ला आणि ध ला गोल गाठ दिली. काळजावर दगड ठेवून दिली. नवल म्हणजे त्यानंतर ती अक्षरं लोकांना वाचता यायला लागली, आणि वाचता यायला लागल्यावर त्यांचं कोणाला काही वाटेनासं झालं. कॉम्प्युटर क्लासवाले तर नाराजच झाले. म्हणाले, आता साधं वाटतं.

दोन हजार साल आलं, विमानं पडली नाहीत, आमचा कॉम्प्युटरही बंद पडला नाही. फाँट मात्र पुढे चार-पाच वर्षांत हळूहळू विरला. कारण असं झालं की रेडियमवाल्याने अक्षरं कापायचं मशीन घेतलं. त्याला गोल काय आणि चौकोन काय, सारखंच. तो एक दिवस येऊन म्हणाला, "ताई, आता काहीतरी वेलबुट्टीचं करा ना. मशीनला काम पाहिजे." मी त्याला वेलबुट्टीची बाराखडी करून दिली. बाबांनी ती बघून समाधानाने मान हलवली आणि तिचं नाव 'कारलं' ठेवलं.

चाचांनी नंतर घर बांधलं, जांभ्या दगडाचं, मोठ्या ओट्याचं. दाराशी नावाची पाटी हवी म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. चाचींनी चहा आणला, सोबत खजूर ठेवले. मी हौसेने विचारलं, "चाचा, आपलीच अक्षरं घालू ना? बोटीवरची?"

चाचा जरा अवघडले. त्यांनी चाचींकडे बघितलं. चाची कपात चहा ओतत राहिल्या.

"नको पोरी," चाचा म्हणाले. "घराला साधीच दे. घरी पाहुणे यायला हवेत."